खिडकीच्या खटल्यातली सोंगटी

वनजाने पुन्हा ‘वकील आजारी’ हा पत्ता टाकला आणि पटावरचा खटला पुढच्या तारखेवर ढकलला.

“अगं, किती आजारी पाडशील त्याला?” समोरून खेळणारा निहाल वैतागला. “मेला तर सुटेल तरी बिचारा!”

वर्गात हशा पिकला. वनजा हसली नाही. विधी महाविद्यालयाच्या या पटावर अर्धवट राहिलेले खरे खटले खेळायचे असत, आणि सोंगट्यांमध्ये मेलेल्या पक्षकारांचं मन आणि आवाज साठवलेला असे. निकाल लागला की सोंगटी कायमची गप्प व्हायची. वनजाच्या हातातली सोंगटी म्हणजे तिचे वडील, शिंपीकाम करणारे दामूअण्णा. शेजाऱ्याने खिडकीसमोर भिंत घातली म्हणून ते कोर्टात गेले आणि निकालाआधीच वारले.

“काय झालं गं बाय?” सोंगटीने विचारलं.

“तारीख पडली, अण्णा.”

“परत? या अंधारात काजं कशी करू मी? बोटांची चाळण झाली बघ.”

वनजा चपापली. आवाज कानावर पडत राहावा म्हणून ती तारखा मागत होती, आणि अण्णा तिकडे अजून त्या भिंतीआडच बसून होते.

तिने पत्ता परत उचलला आणि शेवटचा युक्तिवाद केला. न्यायाधीश झालेल्या मॅडमनी निकाल दिला, भिंत पाडावी.

“आला गं उजेड!” अण्णा हरखले. “आण ती सुई, दोरा ओवून...”

सोंगटी नुसती लाकडाची झाली. वनजाची चिमूट मात्र सुई धरल्यासारखी पुढे झाली होती.