गाढव नायक

अर्धांगाचा झटका आला आणि जन्मभर वेल्डिंग केलेल्या बाबांची वाचाच बसली. लेक रोज उशाशी बसून एक गाजलेली अंतराळ-कादंबरी वाचून दाखवायची. नायकाने यानाला पडलेलं भोक च्युइंगमने बुजवलं, तेव्हा महिन्याभरात पहिल्यांदा बाबांचे ओठ हलले. "गा...ढव आहे."

मग शब्द वाढत गेले. शास्त्रज्ञ नायिका नुसती किंचाळते, खलनायक आपला बेत आपणच सांगून टाकतो. बाबांनी कुणालाच सोडलं नाही.

"अजून किती पानं उरलीत?" नर्सने दाराशी विचारलं.

"पुस्तक सोमवारीच संपलं," लेक हळूच म्हणाली. "आता चुका मीच रचते. बाबा धड बोलायला लागेपर्यंत हा नायक काही शहाणा होत नाही."