पूजेतला पेचकस

गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली तेव्हाच आवाजावरून देवीदासरावांना बिघाड कळला. एअर फिल्टरच्या झाकणाचा एक स्क्रू ढिला झाला होता. इंजिनाला धक्का नव्हता. अशी गाडी थेट सुरतेपर्यंत गेली असती.

गाडी कोणाची आहे, हे मात्र ती फाटकाशी थांबल्यावर कळलं.

"बाबा!" हर्षानं काच खाली केली. "बरं झालं तुमी घरीच आहात."

"मी कुठं जातो?"

"मी तं बायपासनं सरळ अकोल्याले सासरीच जाणार होती. पण मोझरीपासून हा आवाज येऊन राहिला. एकटीच आहो, म्हटलं दाखवून घ्यावं."

"म्हणजे दसऱ्याले बाप आठवला."

"बाप नाही, मिस्त्री आठवला," ती हसून म्हणाली. देवीदासरावही हसले.

बैठकीत पाटावर हत्यारं मांडली होती. अकोल्याच्या गॅरेजात ट्रक धुवायला लागले तेव्हाचा, तोंड झिजलेला पाना. पुण्याच्या कारखान्यात पदवीशिवाय इंजिनीयर झाले तेव्हाचं मापयंत्र. परदेशात गाड्यांच्या चाचण्या घेत तेव्हाचं हवेचा दाब मोजायचं घड्याळ. शेंदूरजनाघाटच्या संत्रेवाल्यांसाठी बनवलेल्या तीनचाकीची किल्ली. आणि मधोमध लाकडी मुठीचा लांब पेचकस, म्हणजे स्क्रूड्रायव्हर. त्याचं टोक चालू इंजिनाला टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची, की आतलं सगळं ऐकू येतं. गावं बदलली, गाड्या बदलल्या, पेचकस तोच राहिला. सगळ्यांवर हळदकुंकू होतं, झेंडूची फुलं होती. बायको, शालूताई, होत्या तेव्हा दसऱ्याला सोनं द्यायला येणाऱ्यांच्या चपला फाटकापर्यंत यायच्या.

"आज काही होत नाही," देवीदासराव म्हणाले. "हत्यारं पूजेत आहेत. आता उद्या सकाळीच."

"बाबा, एक मिनिट पाहून तर घ्या."

"दसऱ्याले आपल्या घरी हत्यार उचलत नाहीत. तुही आई असती तं तिनं हात लावू देला नसता."

"बरं, अकोल्यापर्यंत चालेल का एवढं सांगा."

उत्तर त्यांच्या तोंडात होतं. "न पाहता कसं सांगू?" ते म्हणाले.

हर्षानं गाडीकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि पर्स दिवाणावर टाकली. "मग थांबते. जेवायला काय करता?"

देवीदासराव तोवर स्वयंपाकघरात पोचलेही होते. "वांगे हायेत. तुले आवडतात तसे करतो." त्यांनी गॅसवर कढई ठेवली. दोन ताटं काढली. दुसरं ताट धुवून घ्यावं लागलं.

तेवढ्यात हर्षाचा फोन वाजला. अकोल्याला आधीच पोचलेली श्रावणी होती, तिची मुलगी. आवाज स्वयंपाकघरापर्यंत येत होता.

"आई, कुठपर्यंत आलीस? आजी म्हणते, तू आल्याशिवाय सोनं वाटायचं नाही. मी केव्हाची फाटकावर बसली आहे."

"गाडी बिघडली बेटा. मी आजोबांकडे आहे. उद्या सकाळी येते."

मग श्रावणी म्हणाली, "बरं."

ते 'बरं' देवीदासरावांच्या ओळखीचं होतं. दर रविवारी हर्षाचा फोन ठेवण्याआधी ते स्वतः तसंच म्हणत.

त्यांनी गॅस बंद केला. बैठकीत येऊन पाटापुढे हात जोडले आणि पेचकस उचलला. झेंडूचं फूल घरंगळत जमिनीवर गेलं.

"बाबा, पूजेतलं हत्यार..."

"बोनट उघड."

स्क्रू दोन फेऱ्यांत बसला. "लाव चालू," ते म्हणाले. पेचकसाचं टोक त्यांनी इंजिनाला टेकवलं, मूठ कानाशी धरली. झाकण गप्प झालं होतं. तरी ते ऐकत राहिले. हर्षा गाडीतून उतरून शेजारी येऊन उभी राहिली, लहानपणी राहायची तशी, एक हात बोनटवर ठेवून.

"काय म्हणते?" तिनं विचारलं.

"मस्त आहे. काही झालं नाही तिले. बंद कर अन् घरातून पर्स घेऊन ये. पोरगी वाट पाहून राहिली."

हर्षा आत गेली. देवीदासरावांनी दाराकडे एकदा पाहिलं. मग पेचकस पुन्हा त्याच स्क्रूला लावला आणि किंचित उलटा फिरवला. अकोल्यापर्यंत झाकण गप्प राहील, एवढाच. तेवढा म्हणजे किती, ते त्यांच्या हाताला ठाऊक होतं. आयुष्यात त्यांनी ढिला स्क्रू पाहून बोनट लावलं नव्हतं. आज लावलं.

हर्षा पर्स घेऊन आली, वाकून पाया पडली. त्यांनी आपट्याची दोन पानं तिच्या हातात ठेवली. "एक श्रावणीले."

"परवा परत येईन बाबा. पण थांबणं नाही होणार हां, ऑफिस आहे. बायपासनंच निघून जाईन."

"हौ," देवीदासराव म्हणाले. "आवाज आला तं मात्र थांबजो."

गाडी गल्लीतून बाहेर पडली. बिलकूल आवाज नव्हता.

दिवेलागणीला शेजारच्या तानुबाई सोनं द्यायला आल्या तेव्हा ते फाटकाशीच उभे होते. पेचकस हातात तसाच होता.

"देवीदासभाऊ, कुंकू कपायाले लावतेत," तानुबाई म्हणाल्या. "तुमी कानाले काहून लावलं?"

त्यांनी कानाला हात लावला. बोट लाल झालं. ते त्यांनी पुसलं नाही.

"हर्षा आलती ना दुपारी? झाली का गाडी दुरुस्त?"

"झाली," रस्त्याकडे पाहत देवीदासराव म्हणाले. "जाण्यापुरती झाली."