ताटली थंड होईपर्यंत

भट्टीच्या झाकणाला कुणीही हात लावायचा नाही, असं चारुता मॅडम सगळ्या वर्गाला सांगत होत्या. बघत मात्र एकट्या बाबूकडे होत्या.

त्याला कारण होतं. चुलीवर काही शिजत असलं की मधूनच झाकण उचलून बघायचं, ही बाबूची जन्माची सवय. काच वितळवायच्या वर्गातही त्याने तेच केलं. विजेची भट्टी गरम असतानाच झाकण जरासं वर केलं, बाहेरचा वारा आत गेला आणि त्याच्या पहिल्या ताटलीचे दोन तालुके झाले.

दुसऱ्या खेपेला त्याने खिडकीच्या काचेवर सोड्याच्या बाटलीचा हिरवा तुकडा ठेवला. भट्टीतून ताटली झकास निघाली. बसमध्ये मांडीवर असताना मात्र टक् असा आवाज झाला आणि ती गेली. मॅडमनी पुढच्या वर्गात समजावलं, की दोन जातींच्या काचा तापल्यावर एकजीव होतात, पण निवताना प्रत्येकीचं आकसणं वेगळं असतं. जमत नव्हतं, हे तेव्हा कळतं. बाबूने हे मन लावून ऐकलं. लग्नाला पुष्कळ वर्षं झालेला माणूस असलं काही मन लावूनच ऐकतो.

बाबू पंचायत समितीतून निवृत्त झालेला. काचेशी त्याचा संबंध चष्म्यापुरता. पण आंगणेवाडीच्या जत्रेला घरी पाहुणे आले, तेव्हा बायकोच्या नव्या उद्योगावर त्याने एक विनोद केला. पाहुणे पोट धरून हसले. बायको हसली नाही. त्या दिवसापासून मसुऱ्याच्या त्या घरात अबोला होता. जेवण झाल्याची बातमी मांजराला सांगितली जाई. मांजर ती पुढे पोचवत नसे, पण बाबू समजून पाटावर बसे. सकाळी बायको आपलं आटपून कामाला निघून गेली, की तो मालवणची बस धरी. स्वतःच्या हाताने काहीतरी करून तिच्यापुढे ठेवावं, एवढाच त्याचा बेत होता. बोलून बिघडवलेलं बोलून सुधारेल, असं त्याला वाटत नव्हतं.

वर्गाचा आज शेवटचा दिवस. ही ताटली फुटली तर पुन्हा संधी नव्हती.

या वेळी त्याने एकाच जुन्या तावदानाची काच घेतली होती. खाली चौकोन, वर त्याच काचेचा बांगडा मासा. काल लावलेली भट्टी अजून कोमट होती आणि सगळे ती निवायची वाट बघत बसले होते.

शेजारच्या टेबलावरची सारिका बांद्याची. तिने हळूच सांगितलं, की मॅडमना सगळ्यांची नावं पाठ आहेत, तुम्हालाच तेवढं 'खिडकीकडचे' म्हणतात. बाबू म्हणाला, आपलं नाव तसं लक्षात राहण्यासारखं नाही.

मग त्याने हात जोडले आणि देवळातल्या गाऱ्हाण्यासारखं पुटपुटायला सुरुवात केली. "बा देवा रवळनाथा, ही ताटली आख्खी भायर काढ. घरातल्या माणसाक एकदा बोलता कर, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सारिकाच्या तोंडून सवयीने गेलं. तिच्यामागून अख्खा वर्ग म्हणाला. मॅडमही म्हणाल्या की काय ते कळलं नाही, त्या भट्टीकडे तोंड करून उभ्या होत्या.

"काका, आज फुटाची नाय," सारिका म्हणाली.

मॅडमनी झाकण उघडलं. ताटली बाहेर काढली, कडेवरून बोट फिरवलं आणि खिडकीच्या उजेडात धरली. ताटली अख्खी होती. काचेतला बिनरंगाचा बांगडा उजेडात तेवढा दिसला.

"कुणासाठी केलीत?" त्यांनी विचारलं.

"बायकोसाठी."

सारिकाने मान वर करून बघितलं.

"जत्रेत मी चार माणसांत तिची टर उडवली," बाबू म्हणाला. "चूक झाली."

"हे तिला सांगितलंत?"

"ती थांबतच नाही ऐकायला. मीही धड सांगितलं नसतंच म्हणा."

वर्ग संपला, असं सांगून मॅडमनी बाकी सगळ्यांच्या वस्तू ज्याच्या त्याला दिल्या. मंडळी निघाली. स्टँडपर्यंत सोबत होईल म्हणून सारिका दारात बाबूसाठी थांबली.

बाबूची ताटली मॅडमनी जुन्या वर्तमानपत्रात नीट गुंडाळली, पण त्याच्या हातात दिली नाही. दाराला कुलूप लावलं, पुडकं स्वतःच्या स्कूटरच्या डिकीत ठेवलं आणि हँडलला अडकवलेलं जास्तीचं हेल्मेट बाबूपुढे धरलं.

"चला घराक," त्या म्हणाल्या. "आज ह्याच ताटलीत वाढतंय तुमका."