गुळगुळीत

कपाट खोलीत जागेवर टेकवून आतलं सामान पूर्वीसारखं लावून झालं, तेव्हा प्रिस्काला वाटलं, आता तरी डॅडी काहीतरी बोलतील. चार दिवस तिने त्या कपाटापायी कंबर मोडून घेतली होती. जुना रंग खरवडला, पॉलिश पेपर घासून घासून बोटांची सालं काढली, भोकांत पुट्टी भरली आणि वर गडद हिरव्या रंगाचे दोन हात दिले. पण डॅडी नुसतेच उभे.

दोष सगळा जॉयलचा. विरारला फ्लॅटमध्ये राहणाऱ्या तिच्या या धाकट्या भावाने गेल्या आठवड्यात तिथून नवंकोरं लोखंडी कपाट आणलं आणि सहा ड्रॉवरचं हे लाकडी धूड परसात सरपणाशेजारी नेऊन टाकलं. तेव्हापासून अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या डॅडींनी, म्हणजे ॲन्सेल्म मास्तरांनी, जो रुसवा धरला, तो धरलाच. जेवण धड नाही, बोलणं नाही. माझं कपाट आणा, एवढंच. मम्मीची आठवण आहे त्यात, असं सगळ्यांनी धरून चाललं. ती जाऊन सहा वर्षं झाली तरी मास्तर बायकोला विसरत नाहीत म्हणून त्यांच्या होळी या गावातल्या दोन-तीन बायकांनी डोळेसुद्धा पुसून घेतले. शेवटी प्रिस्का पुढे झाली. लोकांनी टाकून दिलेल्या खुर्च्या-टेबलं दुरुस्त करायची, रंगवायची आणि कळंबच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या कॉटेजवाल्यांना विकायची, हा तिचा धंदाच होता. त्यांना सगळं पांढरं लागतं. या कपाटाला मात्र तिने मम्मीच्या आवडीचा हिरवा निवडला होता.

डॅडी पुढे आले. वरच्या ड्रॉवरच्या कडेवरून त्यांनी बोटं फिरवली. मग दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या. पुन्हा वरच्या. प्रिस्का मनातून फुलून गेली. जाणता माणूस काम हात लावूनच बघतो.

"फार गुळगुळीत केलंस गं बाय," ते म्हणाले.

"आणि रंग? आवडला?"

"हो तर. पांढरा छानच दिसतो."

तिला आधी हसू आलं. पण डॅडींच्या चेहऱ्यावर थट्टा नव्हती. खिडकी सताड उघडी होती आणि दुपारचं ऊन सरळ त्या हिरव्या कपाटावर पडलं होतं.

मग तिला रंगवण्याआधी ड्रॉवरच्या कडांना दिसलेल्या खाचा आठवल्या. वरच्या ड्रॉवरला एक, त्याखालच्याला दोन, मग तीन. उंदरांना शिव्या घालत तिने एकेक खाच पुट्टीने बुजवली होती. उंदीर कधी मोजून कुरतडतात का? तिला स्वतःच्या अकलेची कीव आली.

"कधीपासून, डॅडी?" तिने हळूच विचारलं.

त्यांनी कपाटाची कड पुन्हा एकदा चाचपली. मग म्हणाले, नाताळापासून. आता फक्त उजेड-अंधार कळतो, माणूस आवाजावरून ओळखायचा. डोळ्यांच्या डॉक्टरकडे ते एकटेच जाऊन आले होते. गेलं ते परत येणार नाही, असं त्याने सांगितलं होतं. म्हणून प्रेशरची गोळी एका खाचेच्या ड्रॉवरमध्ये, साखरेची दोन खाचांच्या, असं त्यांनी आपलं आपण खाचा पाडून बसवून घेतलं होतं.

"जॉयलला सांगू नको. त्याच्या त्या सातव्या मजल्यावर मी महिनाभरही जगायचो नाही."

 ते म्हणत होते ते खोटं नव्हतं. पण चहा करताना त्यांच्या मनगटावर पडलेला भाजल्याचा डागही खोटा नव्हता. घरामागच्या बावखलाच्या, त्या खोल तळ्याच्या, शेवाळलेल्या पायऱ्या उतरून ते रोज सकाळी झाडांसाठी पाणी काढत. आणि तिने जॉयलला शब्द दिला होता: ज्या दिवशी डॅडींना एकट्याला जमणार नाही, त्या दिवशी मी स्वतः तुला सांगेन. त्या एका शब्दावर तो डॅडींना घेऊन जायचा हट्ट सोडून गप्प बसला होता.

कपाट उचलू लागायला आलेला जॉयल बाहेर नळावर हात धुऊन आत आला. डॅडी खूश झाले का, असं त्याने विचारलं आणि घड्याळाकडे बघून प्रेशरच्या गोळीची वेळ झाल्याची आठवण करून दिली. डॅडींचा हात कपाटाकडे गेला आणि मध्येच थांबला.

"नव्या रंगाने ड्रॉवर चिकटतात, थांबा, मी काढते," प्रिस्का म्हणाली आणि गोळी तिने त्यांच्या तळहातावर ठेवली. आपला आवाज जराही हलला नाही, याचंच तिला भय वाटलं.

जॉयल उंबऱ्यावर बसून बूट घालू लागला. तो काही वाईट नव्हता. म्हाताऱ्या बापाला एकटं ठेवून त्याला रात्री झोप लागत नव्हती, एवढंच.

"मग काय करू, प्रिस्का? तू रोज येऊन बघतेस. राहू दे इथेच, की नेऊ?"

सांगून टाकावं, असं तिच्या अगदी ओठांवर आलं. सांगितलं तर डॅडी जीव सोडणार. नाही सांगितलं आणि पायरीवरून त्यांचा पाय घसरला, तर ती स्वतःला कधी माफ करणार नव्हती.

"राहू दे त्यांना इथेच," ती म्हणाली. कोणाच्या नजरेला नजर द्यायला नको म्हणून ती अनवाणी पावलांनी खिडकीपाशी जाऊन उभी राहिली.

डॅडी हसले. आठवडाभरात पहिल्यांदाच. "देव तुझं भलं करो, बाय," ते म्हणाले आणि तिच्या डोक्यावर ठेवायला त्यांनी हात पुढे केला, कपाटाशेजारच्या, ती मघाशी उभी होती त्या रिकाम्या जागेवर.

जॉयलची बोटं बुटाच्या नाडीवर थांबली.