सात सेकंद

अडखळत बोलणाऱ्या मुलांसाठी शाळेने नेमलेल्या दळवी बाईंचा एकच नियम होता: मुलाचा शब्द आपण पुरा करायचा नाही, त्याच्याकडे बघत थांबायचं. पहिलीतल्या जुईचा अडकलेला शब्द सुटायला सात सेकंद लागत. तिच्या गळ्यातला नवा बोलपट्टा मात्र दोनच सेकंद थांबे, आणि तिला काय म्हणायचं असेल ते ताडून तिच्याच आवाजात बोलून मोकळा होई.

आज जुई पट्ट्याखाली नखं खुपसून बसली होती. मान लालेलाल झाली होती.

"काय होतंय गं, बाळा?" बाईंनी विचारलं.

जुईचे ओठ थरथरले. एक, दोन...

"काही नाही बाई, मी मजेत आहे," पट्टा म्हणाला. जुई जोरजोरात नकारार्थी मान हलवू लागली.

पट्टा फक्त वडिलांच्या अंगठ्याने उघडे. बाईंनी त्यांना फोन लावला.

"काढायचा? अहो मॅडम, पोरगी आता कुठे घडाघडा बोलायला लागलीय! द्या बरं तिच्याकडे."

जुईने फोनसमोर तोंड उघडलं. डोळ्यांत पाणी तरारलं.

"बाबा, मला माझा पट्टा खूप आवडतो," खणखणीत आवाज आला.

"ऐकलंत ना?" वडील कौतुकाने हसले आणि त्यांनी फोन ठेवला.

बाई जुईसमोर खाली बसल्या. तिला काहीतरी सांगायला हवं होतं, पण तोंडून शब्दच फुटेना. दोन सेकंद गेले. सातही गेले.

जुई त्यांच्याकडे बघत थांबली होती, अगदी बाई थांबायच्या तशीच.