एक पायली चिन्नोर
गोंदियाच्या कोर्टाबाहेरील बाकावर वकीलसाहेबांनी घटस्फोटाच्या तडजोडीचा सारांश वाचून दाखवला: घर केवलरामचे, शिलाई मशीन फुलवंताचे, पोटगीचा दावा नाही, आणि यापुढे परस्परांशी कोणताही संबंध ठेवायचा नाही. ही शेवटची अट तर उभयता कित्येक वर्षे करारावाचूनच पाळत आले होते. उरले होते एक पायली चिन्नोर धान. लग्नात आईने ओटीत घातलेले ते सुगंधी बियाणे फुलवंताने सासरच्या धानाच्या बांधीत दरसाल पेरले, राखले. पुढे आई गेली, भावांनी संकरित वाण धरले. आता ते बी केवलरामच्या कोठीतच शिल्लक होते. माहेरी वाट्याला आलेल्या शेताच्या तुकड्यात तिला ते पेरायचे होते. केवलरामने पिशवी पुढे केली. आत टरफल काढलेले पांढरेशुभ्र तांदूळ होते. आईच्या चुलीवरला तोच वास आला. "थोडं बियाण्याले ठेवले का जी?" तिने विचारले. "नाही न. सारंच्या सारं मिलमधून काढून आणलो," तो म्हणाला. "तू आता एकटी. तुले गिरणीचा हेलपाटा कायले?" सबंध संसारात तिच्या त्रासाचा विचार त्याने आज प्रथमच केला होता, आणि पिशवीतला एकही दाणा आता उगवणार नव्हता. "वस्तू मिळाली? काही तक्रार?" वकीलसाहेबांनी पेन पुढे केले. केवलराम शाबासकीच्या अपेक्षेने तिच्याकडे पाहत होता. "नाही जी," फुलवंता म्हणाली, आणि सही करण्यापूर्वी करारात नसलेले एक वाक्य तिने त्याला दिले: "बेस केले तुम्ही."