साहेबांचा रविवार

दहाला पाच कमी असतानाच कंपाउंडरांनी फोन काचेच्या टाकीसमोर डब्याला टेकवून ठेवला, कॉलर सारखी केली आणि आतल्या माशाला हात जोडले. “साहेब, आज तरी माझी अब्रू राखा.”

साहेब म्हणजे लेकीने पाळलेला शिकारी मासा. वीतभर लांब, तोंड कायम वाकडं. लेक नोकरीसाठी परगावी गेली आणि हे ध्यान बापाच्या गळ्यात पडलं. साहेबांना आठवड्यातून एकदाच खायला लागायचं, पण ते जिवंत छोटे मासेच. यात बापावर लेकीचा काडीचा विश्वास नव्हता, म्हणून दर रविवारी दहाला ती फोनवर जातीने हजर असायची. एरवी तिचा फोन म्हणजे “जेवलास? बरा आहेस ना? ठेवते.” रविवारी मात्र चांगला पाऊण तास.

आणि दोन महिन्यांपूर्वी साहेबांनी घात केला. सहज टाकलेला कोरडा दाणा त्यांनी गटकन गिळला, आणखी मागितला. तेव्हापासून स्वारी रोज कंपाउंडरांच्या हातून दाणे खात होती. ही बातमी लेकीला कळली की रविवार बंद. म्हणून कंपाउंडर दर शनिवारी साहेबांना उपाशी ठेवायचे. काल मात्र साहेबांनी असं काही केविलवाणं पाहिलं, की त्यांचा हात डब्यात गेलाच.

फोन वाजला. लेकीचे केस ओले होते, चेहरा ओढलेला.

“छोटे मासे पंधरा दिवस वेगळे ठेवलेस ना?”

“सोळा.”

“अंगावर पांढरे ठिपके?”

“भिंगातून बघितलं. एकही नाही.”

“त्यांना खायला घातलंस? त्यांचं पोट भरलेलं असेल तरच ते साहेबांच्या अंगी लागतं.”

“जेवले सगळे. बरं, जाळीनेच सोडू ना?”

“बाबा, बादलीतलं पाणी टाकीत जाता कामा नये, रोगराई येते. किती वेळा सांगू?”

“सांग की,” कंपाउंडर म्हणाले. चाळीस वर्षं दवाखान्यात थेंब मोजून औषधं देणारा माणूस तो, एकदा ऐकलेलं विसरणारा नव्हे.

“आधी दोनच सोड.”

त्यांनी दोन सोडले. ते चिमुकले मासे साहेबांच्या नाकासमोरून खुशाल फिरायला लागले. साहेबांनी ढुंकूनही पाहिलं नाही. ते वर आले आणि कंपाउंडरांच्या बोटांकडे बघत आ वासून राहिले.

“बाबा, तो तुझ्या हाताकडे का बघतोय?”

“लाडात आलाय.”

“बाबा.”

आता कुठे पळणार! “दाणे खातो तो,” कंपाउंडर म्हणाले. “दोन महिने झाले.”

“आणि मला बोलला नाहीस? मी दर रविवारी इथे घसा कोरडा करतेय!”

कंपाउंडरांनी जाळी घातली आणि दोन्ही मासे परत काढले. “बोललो असतो तर तू सुटली असतीस,” ते म्हणाले. “मला तू दिसायला हवी असतेस गं. बाकी काही नाही.”

लेकीने ओले केस मागे सारले.

“दाणे रोज द्यावे लागतात?” तिने विचारलं.

“रोज. सकाळी आठला.”

“आठला मी बसमध्ये असते.”

“मग राहू दे, राहू दे. तुझी आधीच धावपळ...”

“तासभर नुसती बसून असते, बाबा,” ती म्हणाली. “आणि त्या सगळ्या गर्दीत मला ओळखणारं एकही माणूस नसतं.”